समासातल्या ओळीचा पत्ता

आमच्या घराला गावात पत्रकवाल्यांचं घर म्हणतात. गोरेगावच्या आठवडी बाजारात माझे बाबा गेली पंचवीस वर्षं ख्रिस्ती पत्रकं वाटत आले आहेत. धान विकायला जावोत की दोर घ्यायला, पिशवीच्या तळाशी पत्रकांचा गठ्ठा असतोच. त्यांचा विश्वासच एका पत्रकातून सुरू झाला. लग्नाच्या तिसऱ्या वर्षी मोठ्या दुखण्यातून उठून ते बाजारात गेले, कोणीतरी हातात चार घड्यांचा कागद दिला, तो त्यांनी गुरांच्या बाजाराच्या कडेला उभ्या उभ्या वाचला आणि घरी येऊन आईला वाचून दाखवला. आईने दोन वर्षं घेतली, मग तीही आली. दोघंही पोवार समाजाच्या हिंदू घरांतली. दोन्ही घरांना हे पचलं नाही. बाबांच्या घरच्यांनी एकदाच कडाक्याचं भांडून विषय संपवला. आईच्या माहेरी भांडण झालंच नाही, त्यामुळे तिथलं दुखणं लांबत गेलं.

मी अक्षरं पत्रकांवर शिकले. शाळेची पुस्तकं शाळा सुरू झाली की मिळायची, पत्रकं बारा महिने घरात. पत्रकाचं वाक्य आखूड असतं. ते प्रश्न विचारतं आणि पुढच्याच ओळीत स्वतः उत्तर देतं. वाचणारा बाजारात उभा आहे, त्याच्या एका हातात भाजीची पिशवी आहे, हे पत्रकाला ठाऊक असतं, म्हणून ते कुठे रेंगाळत नाही आणि शंकेला जागा ठेवत नाही. मी अजून तसंच लिहिते. गावातल्या शाळेजवळ दारूचं दुकान आलं तेव्हा त्याच्याविरुद्धचं पत्रक मी लिहिलं होतं, कॉलेजच्या मुलींसाठी संध्याकाळची एसटी मागणारंही मीच. त्याची मला लाज नाही. पण ज्या गोष्टीबद्दल आज लिहिते आहे ती या सवयीतूनच आमच्या घरात घडली.

संध्याकाळच्या जेवणाआधी आम्ही चौघं, म्हणजे आई, बाबा, मी आणि माझी धाकटी बहीण, चटईवर बसून बायबल वाचतो. एकेकाने एकेक परिच्छेद वाचायचा. आई लग्नानंतर वाचायला शिकली, ओळीखाली बोट ठेवून वाचते, आणि तिची पाळी कोणी घाईने उरकू देत नाही. बायबल एकच, बाबांचं, पाठ निसटलेलं. त्याच्या समासात लिहायची आमच्याकडे पद्धत होती. एखादं वचन वाचलं की त्याला जुळणारं दुसरीकडचं वचन शेजारच्या कोऱ्या पट्टीत लिहायचं आणि पुढे कंसात त्याचा पत्ता, म्हणजे कुठल्या पुस्तकातला कितवा अध्याय आणि कितवी ओळ. आधी बाबा लिहायचे. मी चौथीत गेले आणि माझं अक्षर त्यांच्यापेक्षा चांगलं निघालं, तेव्हा लाल पेन माझ्याकडे आला. पुढे पुढे पत्रकांतलं एखादं चांगलं वाक्यही आम्ही समासात घेऊ लागलो, कारण पत्रकांत वचनंच असतात असा आमचा समज होता. पत्रकं पावसाळ्यात कुजत गेली, काही वाळवीने खाल्ली. समासातल्या ओळी राहिल्या. वाचताना बाबा मजकुराबरोबर त्याही वाचायचे, त्याच आवाजात, आणि आम्ही त्याही पाठ केल्या.

त्यांतली एक ओळ अशा अर्थाची होती की जो मेलेल्याच्या नावाच्या पंगतीत जेवतो त्याची प्रार्थना देव चाळीस दिवस ऐकत नाही.

या ओळीमुळे माझी आई एकदा वाढलेल्या पानावरून उठली होती. त्याला बारा वर्षं झाली.

तेव्हा माझ्या आईचे वडील गेले होते आणि त्याच आठवड्यात माझ्या सहा वर्षांच्या बहिणीच्या डोक्यात ताप चढला होता. मलेरिया होता. गोंदियाच्या दवाखान्यात ती डोळे उघडत नव्हती. वडिलांच्या तेरवीच्या दिवशी आई तिच्या उशाशी मला बसवून माहेरी गेली. माहेर चोरखमारा तलावाच्या कालव्यावर, शेतीवाल्यांचं मोठं घर. आजीने तिला हाताला धरून बायकांच्या पंगतीत बसवलं, तिच्यापुढे पत्रावळ ठेवली, भात वाढला, वरण वाढलं. आई थोडा वेळ बसली आणि न जेवता उठली. आपल्याकडे वाढलेल्या पानावरून उठणं काय असतं हे मी सांगायला नको, आणि हे तर तिच्या बापाच्या नावाचं पान होतं. ती सरळ चालत सडकेवर आली आणि बस पकडून दवाखान्यात परतली. त्यानंतर पाचव्या दिवशी बहीण शुद्धीवर आली.

आईने माहेरी कारण सांगितलं नाही. सांगून कोणाला पटलं असतं? आजीने एवढंच धरलं की पोरीला बापाचं अन्न चाललं नाही. त्यानंतर आई सणावारी दारापर्यंत जायची, चहा घ्यायची, निघायची. आजीने तिला पुन्हा कधी जेवायला बस म्हटलं नाही.

यंदा धान चुरून, म्हणजे मळणी होऊन, झाल्यावर आजी गेली.

मातीला आम्ही सगळे गेलो. परतताना मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, आमच्या मोटारसायकलींपर्यंत आला. तो फार बोलणारा नाही. त्याने बाबांना रामराम केला आणि आईकडे वळला.

"बाई, तेरवीले ये. पण यावेळेस पानावरून उठशीन तं येऊच नको. माह्या पोरींसमोर मले ते पुन्हा पायचं नाई."

घरी आल्यावर दोन दिवस आई कामात राहिली. तिसऱ्या दिवशी मी अंगणात तांदूळ निवडत होते तेव्हा माझ्याजवळ येऊन बसली आणि मला विचारलं की पुस्तकं आणायला आम्ही शनिवारीच जाणार आहोत ना.

हे आधीच ठरलं होतं. घरच्या अभ्यासासाठी यंदा नीट संदर्भाची पुस्तकं घ्यायची आणि ती मी निवडायची. बाबांच्या मनात मोठं भाष्य होतं, अध्याय घेऊन ओळीओळीचा अर्थ सांगणारं. माझ्या मनात वेगळंच होतं. मला आक्षेपांना उत्तरं देणारी पुस्तकं हवी होती. कॉलेजात, एसटीत, बाजारात लोक मला काय काय विचारतात, टोमणे मारतात, त्यांना चपराक देता येईल असं काहीतरी. बहिणीचं म्हणणं होतं की मोबाईलमध्ये सगळं आहे, पुस्तकं कायले. ती आता नर्सिंगला आहे आणि तिला सगळं लवकर हवं असतं. पण आमच्या चटईवर मोबाईल एकाच्याच हातात राहतो आणि बाकीचे तिघं त्याच्या तोंडाकडे बघतात. पुस्तक मध्ये उघडं ठेवता येतं. आईलाही त्यावर बोट ठेवता येतं.

आई हळू आवाजात म्हणाली, "पुस्तक असं घे, का ज्याच्यातून ते चाळीस दिवसांचं वाक्य सापडंल. त्याच्यापुढे पत्ता लिवला नाई. मले त्याच्या मागचंपुढचं वाचायचं आहे. कदाचित काही सूट लिवली असंल."

ती ओळ समासात माझ्या अक्षरात आहे हे मला माहीत होतं. तिच्यापुढचा कंस मी रिकामा ठेवला होता हेही आठवलं. पत्रकात बाकीच्या वाक्यांना पत्ता होता, हिला नव्हता. अकरा-बारा वर्षांची मी कंस काढून जागा सोडली होती, पुढे मिळाला की भरू म्हणून. मग ते राहून गेलं. दवाखान्यातल्या त्या आठवड्याच्या थोडंसंच आधीची गोष्ट.

गोंदियात एका जुन्या चर्चच्या आवारात पुस्तकांची खोली आहे. ती चालवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका, हिंदी बोलणाऱ्या, चष्मा दोऱ्याने गळ्यात अडकवलेला. बाबा आत शिरताच सोनेरी अक्षरांच्या पाच खंडांच्या हिंदी भाष्यासमोर उभे राहिले. मी आक्षेप-उत्तरांचं जाड पुस्तक खाली काढलं आणि त्यातल्या अनुक्रमणिकेवर इतकी खूश झाले की वर बघितलंच नाही. प्रत्येक पानावर कोणीतरी हरत होतं. बाईंनी थोडा वेळ आम्हाला तसंच राहू दिलं. मग त्यांनी विचारलं की घरी वाचतं कोण. मी सांगितलं, चौघं, आणि आई बोट ठेवून वाचते. त्या म्हणाल्या, मग हे पुस्तक तुमच्या आईला कोणाशी भांडायला लावणार आहे?

मला राग आला. मी म्हटलं की आम्हाला बाहेर रोज भांडावं लागतं, तुम्हाला इथे खोलीत बसून ते कळायचं नाही. बाबांनी माझ्याकडे डोळे वटारले. बाई मात्र चिडल्या नाहीत. त्यांनी आपली पद्धत सांगितली. पुस्तक निवडताना तुम्हाला पक्की माहीत असलेली एखादी अवघड जागा उघडा आणि पुस्तक तिथे काय करतं ते बघा. लपवतं का, पळतं का, की थांबतं. मग भाष्याचा एक खंड बाबांच्या हातून घेऊन त्यांनी पानं उलटली, परत दिला आणि म्हणाल्या, "भैया, ऐसी किताब लो जो कहीं तो कहे कि हमें मालूम नहीं. इसने तो कहीं नहीं कहा."

मी तिथे उभी राहून विचार केला. मी ज्या पत्रकांवर वाढले, त्यांतल्या एकानेही कधी मला माहीत नाही असं म्हटलं नव्हतं. मी लिहिलेल्यांनीही नाही.

मग मी त्यांना आईचं काम सांगितलं, एक वाक्य आहे आणि त्याचा पत्ता हवा आहे. बाईंनी मागच्या फळीवरून शब्दसूची काढली. उशीएवढी जाड. बायबलातला एकेक शब्द घ्यायचा आणि तो कुठे कुठे आला आहे ते खाली ओळीने लिहायचं, एवढंच त्यात असतं. अर्थ नाही, उपदेश नाही. वाक्यातला एक शब्द आठवत असला तरी पुरतो, त्या म्हणाल्या. बाबा नाराज झाले. "हे तं नुसती यादी हाय. याच्यात शिकवन कुठं आहे?" त्यांचं चूक नव्हतं. ज्याला कोणी शिकवणारं मिळालं नाही त्याला शिकवणारं पुस्तक हवं असतं. पण मी हट्ट धरला. भाष्य घेतलं तर आमच्या चटईवर पाचवा माणूस येऊन बसेल आणि बाकीचे चौघं गप्प होतील, असं मी बाबांना म्हटलं. शब्दसूची आम्हाला बायबलाकडेच परत पाठवते, आपण वाचायचं, आपणच भांडायचं. शेवटी शब्दसूची घेतली आणि तिच्याबरोबर मराठीतला एक बायबल शब्दकोश, मागे नकाशे असलेला. त्यात तीन ठिकाणी, मी मोजून पाहिलं, नक्की सांगता येत नाही असं छापलेलं होतं. आक्षेप-उत्तरांचं पुस्तक मी फळीवर परत ठेवलं. मनापासून ठेवलं असं म्हणणार नाही.

ते वाक्य बाईंनी तिथेच शोधून दिलं असतं. मी विचारलं नाही. आईच्या आधी मला ते बघायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवारी, उपासनेहून आल्यावर, दुपारच्या उजेडात आम्ही बसलो. तेरवीला आठ दिवस होते. बाबांनी सांगून टाकलं की ते वाक्य नियमशास्त्रात असणार, जिथे शुद्ध-अशुद्ध सांगितलं आहे तिथे. शब्द ठरवला, चाळीस. बहीण सूचीतून पत्ता वाचायची, मी तो बायबलात काढायची, आणि आई बोट ठेवून वाचायची. आम्ही वाचून देऊ म्हटलं तर ऐकेना.

चाळीस दिवस पाऊस पडला. चाळीस वर्षं रानात गेली. डोंगरावर चाळीस दिवस, हेरगिरीचे चाळीस दिवस, उपासाचे चाळीस दिवस. चाळीस गाई, देवाच्या मंडपाच्या फळ्यांखाली चाळीस चांदीच्या बैठका. एका जागी आई थांबली आणि म्हणाली की एवढे चाळीस कायले लागतात देवाले. बहीण हसली. दुपार उतरू लागली. बाबांची मान प्रत्येक पत्त्याबरोबर थोडी पुढे यायची आणि वाचून झालं की मागे जायची. रकाना संपला. मग प्रार्थना हा शब्द घेतला, तो कितीतरी मोठा. मग पंगत. मग मेलेले. मेलेल्यांच्या रकान्यात एका स्तोत्रात परक्या दैवताच्या नादी लागून मेलेल्यांना अर्पण केलेलं अन्न खाल्ल्याचा उल्लेख निघाला आणि बाबा म्हणाले, हेच. आईने ते दोनदा वाचलं, मागचं वाचलं, पुढचं वाचलं. त्यात तेरवी नव्हती, चाळीस नव्हते, प्रार्थना बंद होणं नव्हतं. तिने मान हलवली. बाबांनीही मग हलवली.

ते वाक्य बायबलात नव्हतं.

मी त्याच बायबलात समासातली ती ओळ काढली. लाल शाई विटून तपकिरी झाली होती. अक्षर गोल, नीट, मला शाळेत ज्याबद्दल शाबासकी मिळायची ते. पुढे रिकामा कंस. मी आईला म्हटलं की हे मी लिहिलं, पत्ता नसताना लिहिलं, आणि पत्ता नाही हे मला तेव्हाही माहीत होतं. बोलताना माझा आवाज चढला होता, मी रागावले की चढतो तसा, आणि रागावायला समोर माझ्याशिवाय कोणी नव्हतं.

बाबांनी मला बोलू दिलं. मग ते उठले, आत जाऊन लोखंडी पेटी उघडली, जुन्या पत्रकांचे राहिलेले गठ्ठे बाहेर आणून एकेक बघू लागले. ते पत्रक सापडलं नाही. त्यांचे हात मळले. त्यांनी आईकडे न बघता म्हटलं, "तू नाई उठली त्या दिवशी. मी उठवली तुले. तुह्या माहेरच्या गावात पन मी तेच वाटलं होतं."

आई चटईवरच बसून होती. तिने बहिणीकडे बघितलं, बराच वेळ. बहिणीला त्या तापातलं काही आठवत नाही. तिला ही गोष्ट ऐकूनच माहीत.

"मंग मी जेवली असती तरी त्यानं ऐकलं असतं," आई म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "मायले काऊन नाई सांगतलं मी. पोरगी आजारी हाय एवढं तरी सांगाचं."

बारा वर्षं तिने हे मनात धरलं होतं की तिच्या उपाशी उठण्यावर पोरगी वाचली. ते गेलं. आणि त्याच्या जागी जे आलं, की ते पान जेवता आलं असतं आणि आता ते पान वाढणारी नाही, ते फार कठीण होतं. खरं शोधून काढल्यावर माणूस मोकळा होतो असं मी कितीदा लिहिलं असेल. त्या दुपारी माझी आई मोकळी झालेली मला दिसली नाही.

संध्याकाळी तिनेच पुन्हा शब्दसूची मागितली. जेवण, नैवेद्य, आमंत्रण असे शब्द तिने सांगितले. त्यातून करिंथ शहरातल्या मंडळीला प्रेषिताने लिहिलेलं पत्र निघालं. आमच्या बायबलात त्या पानाचा समास कोरा होता. इतकी वर्षं आम्ही ते भरभर वाचून पुढे गेलो होतो. त्यात जवळजवळ आमचाच प्रश्न होता. विश्वास न ठेवणाऱ्याने जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, पुढे वाढलेलं खा, मनाच्या शंकेपायी चौकशी करत बसू नका. आणि लगेच दुसरी बाजू, की हे दैवताला दाखवलेलं आहे असं कोणी सांगितलं तर सांगणाऱ्याच्या मनासाठी खाऊ नका.

मी पहिला भाग जोरात वाचला. बाबांनी दुसरा भाग तितक्याच जोरात वाचला. तेरवीत सगळ्यांना ठाऊकच असतं की पान दाखवलेलं आहे, कोणी सांगायची गरज काय, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, ठाऊक असणं वेगळं आणि तुमच्यापुढे येऊन सांगणं वेगळं. शब्दकोशात करिंथच्या बाजाराबद्दल आणि घरगुती जेवणांबद्दल दीड पान होतं, ते बहिणीने वाचलं. गोरेगावच्या बाजाराबद्दल अर्थातच काही नव्हतं. बाबा शेवटी म्हणाले की त्यांच्या मनाला हे जेवण होणार नाही, ते येतील पण जेवणार नाहीत. पत्रकाची ओळ खोटी निघाली म्हणून त्यांचं मन एका दुपारात बदलणार नव्हतं आणि त्यांनी तसं दाखवलंही नाही. मला ते पटलं नाही, पण त्याचा मान वाटला.

आईने आमचं दोघांचं ऐकून घेतलं.

"चौकशी करायची नाई असं लिवलं ना? मंग मी चौकशी करनार नाई. तुमीही तिथं तोंड उघडू नका, बाप-लेकी दोघंही."

तेरवीच्या दिवशी आम्ही दोन मोटारसायकलींवर निघालो. कालव्याला पाणी नव्हतं, धान निघालेल्या शेतांत लाखोळीचं पीक उगवून आलं होतं. मामाच्या अंगणात मांडव घातला होता. बाबा आत जाऊन बाजूला उभे राहिले तेव्हा मामाने सगळं ओळखलं. त्याने पाण्याचा जग आणून त्यांच्या हातात दिला. "भाटवे, जेवत नाई तं पानी तरी वाढा," तो बहिणीच्या नवऱ्याला म्हणाला, आणि बाबा खरंच पुरुषांच्या पंगतीत पाणी वाढत फिरू लागले. काही जुन्या माणसांनी त्यांना ओळखून पत्रकाची थट्टा केली, आज कोरे कागद आणले का म्हणून. बाबा हसले. त्यांनी त्या दिवशी पिशवी आणली नव्हती.

बायकांची पंगत नंतर बसली. आई माझ्या आणि बहिणीच्या मध्ये. समोरच्या ओळीत मामी, मामाच्या मुली, नात्यातल्या म्हाताऱ्या बायका, आणि त्यांतल्या कितीतरी जणी बारा वर्षांपूर्वीच्या त्या पंगतीतही होत्या. कोणी आईकडे बघत नव्हतं आणि सगळ्या बघत होत्या. पत्रावळी आल्या. मीठ आलं, चटणी आली, आलू-वांग्याची भाजी, गरम सुवाऱ्या, म्हणजे पुऱ्या. मामा स्वतः भाताचं भांडं घेऊन आला. ओळीने वाढत तो आईपुढे वाकला आणि थांबला. त्याला तिच्यापासून काही लपवून ठेवायचं नव्हतं असं मला वाटतं, कारण त्याचा स्वभावच तसा सरळ. तो म्हणाला, "बाई, पयले सांगून ठेवतो, हा भात..."

आईने हात वर केला.

"सांगू नको गा. वाढ."

मामा तिच्याकडे बघत राहिला. तिला काय म्हणायचं आहे ते त्याला कळलं नसणार, आणि कळावं असं तिने काही केलं नाही. त्याने भात वाढला. वरण वाढणारी मुलगी मागून आली. आईने मान खाली घातली, क्षणभर डोळे मिटले आणि पहिला घास घेतला.

ती फार हळू जेवली. बाईंच्या खोलीत मी ज्या पुस्तकासाठी भांडले होते ते तिथे काही कामाचं नव्हतं, तिच्याशी कोणी वाद घालत नव्हतं. दोनदा बहिणीने तिच्यापुढे पाण्याचा पेला केला. तिने भात पुन्हा मागून घेतला. आमचं झालं, समोरच्यांचं झालं, मुलींनी बोटं चाटून पत्रावळी दुमडल्या. आमच्या भागात पंगत एकदम उठते, एकाचंही पान बाकी असेल तर कोणी हलत नाही. टोकाच्या म्हातारीचे गुडघे दुखत होते, ती एकदा जमिनीवर हात टेकून उठायला लागली, आणि शेजारणीने तिच्या मांडीवर हात ठेवला. ती परत बसली. पुढची पंगत मांडवाबाहेर खोळंबली होती. आई भाताचं एकेक शीत वेचत होती, आणि सगळ्या बायका खाली बघत बसून राहिल्या.